फुलबाजारातली थकबाकी

‘ताई, मी ४७ वर्षांचा, राहायला डोंबिवलीला. अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पुरवठादारांची बिलं तपासतो. बावीस वर्षं तेच. चार वर्षांपूर्वी मोबाइलवर रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा नाद लागला. दादरला गाडी बदलताना वीस मिनिटं फुलबाजारात फिरायचो. कुणाला कळू न देता टिपायचो, कारण कळलं की माणूस पोज देतो. नऊ हजार फोटो झालेत. बायको म्हणते, रोज फुलबाजारात जाता आणि देवाला एक फूल आणत नाही. ऑफिसात हसतात. अमेरिकेत रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायरचे फोटोही ती गेल्यावरच जगाला कळले, अशी मनाची समजूत घालतो. पण हल्ली फोटोतही जीव रमत नाही. एका हारवाल्या मावशींनी त्यांचा फोटो मागितला होता, देतो म्हटलं, राहून गेलं. आता मी पलीकडच्या पुलाने जातो, तिथे गर्दी कमी असते. या सगळ्याला अर्थ काय, तेच कळेनासं झालंय.’

तुमचं पत्र कापूनच छापलंय. बायकोच्या टोमण्यांवर पानभर होतं, ऑफिसवर दीड पान. मावशींच्या वाट्याला एक ओळ, आणि तिला लागूनच तो पूल. सकाळच्या वेळी दादरला कमी गर्दीचा पूल? अहो, बारा वर्षं मीही दादरला गाडी बदललीय. असा पूल तिथे नाही.

तुम्ही मावशींना चुकवताय. बायकोचं आणि ऑफिसचं राहू द्या, त्यांच्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.

कुणाला कळू न देता टिपता म्हणता, मग मावशींनी फोटो मागितला कसा? म्हणजे त्यांनी तुम्हाला पकडलं. नऊ हजारांत एका बाईने हातातल्या सुईदोऱ्यावरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत, पैसे मागितले नाहीत, ‘कशाला काढतो रे’ असंही म्हणाल्या नाहीत. फोटो मागितला. आणि फोटोतला तुमचा जीव उडाला तो कधीपासून? तारखा जुळवून बघा, तुमचं तर ते रोजचं काम.

पहाटेपासून शेवंती ओवत बसलेल्या बाईला तिचा काम करतानाचा फोटो कोण दाखवतं हो? आधारकार्डावर चेहरा असतो, हात नसतात. तुम्हाला चार वर्षं ते हात दिसले, म्हणून तर तुम्ही तिथे उतरत होतात. त्यांनाही एकदा बघायचे होते.

मायरचं नाव घेतलंत ते बरं केलंत, राग काढायला मला जागा मिळाली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळत त्या बाईने लाखाच्या वर फोटो काढले. २००७ मध्ये गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिचं सामान लिलावात गेलं, २००९ मध्ये ती गेली. कितीतरी रोल धुतलेलेसुद्धा नव्हते, म्हणजे स्वतःचेच फोटो तिने पाहिले नाहीत. यात तुम्हाला दिलासा कुठे सापडला? आणि तिचे फोटो नीट बघा. रोलायफ्लेक्स छातीपोटाशी धरून, मान खाली घालून बघायचा कॅमेरा तो, तरी किती माणसं थेट तिच्याकडे रोखून बघताहेत. माणसाला कळलं की फोटो बिघडतो, हा नियम तिने काही पाळलेला दिसत नाही.

तुमच्या टेबलावरच्या बिलांचंच बघा. छोट्या कारखानदाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हा कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. एखादा खोकेवाला फोन करून ‘साहेब, आमचं झालं का?’ विचारत असेल, तेव्हा तुम्ही फाइल वर काढत असाल. मावशींकडे तुमचा नंबर नाही, एवढाच फरक.

फोटो तुमच्याकडे आहे. पुसून टाकलेला असता तर ‘राहून गेलं’ असं लिहिलं नसतंत. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या कुठल्याही स्टुडिओत सहा बाय चारच्या दोन प्रती काढा. एक त्यांना, एक त्या ज्याला दाखवतील त्याला. मोबाइलवर नुसता दाखवून परत खिशात घालायचा नाही. नेहमीच्या पुलाने खाली उतरा आणि त्यांच्या हातात द्या. हात ओले असतील, तेव्हा पाकिटात घालून द्या. त्या दिवशी एकही फोटो काढायचा नाही. ‘एवढ्या दिवसांनी होय?’ असं विचारलं तर गर्दीबिर्दी सांगू नका, ऐकून घ्या. जागा दुसऱ्या कुणाची झाली असेल तर शेजारच्या टोपलीवाल्यांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

पण जायचं ते दसऱ्याच्या आत. झेंडूचे ढीग लागले की मावशींना मान वर करायला फुरसत नसेल, आणि तुम्हाला आयती सबब मिळेल.