ईसीयू पहिल्यांदाच फ्लॅश करतोयस? आधी बॅटरी बघ

भावा, घाबरू नकोस पण घाई पण करू नकोस. ट्यूनिंग, जास्तीचं पिकअप वगैरे सध्या बाजूला ठेव, आधी ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, कंपनीचंच सॉफ्टवेअर नीट चढवायला, म्हणजेच फ्लॅश करायला शीक.

माझ्या बघण्यात नवशिक्यांचे ईसीयू मेलेत ते व्होल्टेज पडल्यानेच. इंजिन बंद, इग्निशन ऑन, त्यात रेडिएटरचा फॅन मधेच सुरू झाला की बॅटरी १२ व्होल्टच्या खाली कधी येते कळत पण नाही. १३ ते १३.५ व्होल्ट सलग देणारा पॉवर सप्लाय लाव, साधा चार्जर नको, त्याचं वरखाली होत राहतं. एसी, हेडलाइट, ब्लोअर बंद.

मग हे:
- ईसीयूतली जुनी फाइल वाचता येत असेल तर आधी वाचून दोन ठिकाणी सेव्ह कर.
- हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर, दोन्ही नंबर ईसीयू आणि नव्या फाइलचे जुळव. मॉडेल तेच म्हणून फाइल तीच चालते असं नसतं बरं.
- गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं स्वस्तातलं ब्लूटूथवालं ईएलएम ३२७ अडॅप्टर एरर कोड बघायला ठीक, फ्लॅशिंगला अजिबात नाही.
- लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद. हे मी शिकलो ७० टक्क्यांवर स्क्रीन काळी झाल्यावर, गाडी टो करून न्यावी लागली आणि ईसीयू गाडीतून काढून बेंचवर (टेबलावर थेट वायर जोडून) रिकव्हर करावा लागला, बायको अजून ऐकवते.

स्क्रीनवरचा प्रोग्रेस बार अडकल्यासारखा वाटला तरी लगेच केबल उपटू नकोस, थांब जरा. वॉरंटी चालू असेल तर मात्र सरळ सर्व्हिस सेंटर गाठ.

गाडी कुठली आणि ईसीयूच्या स्टिकरवरचा नंबर काय ते सांग, मग फाइलचं बघू.