बीजिंगची युआनमिंगयुआन बाग नक्की कोणी जाळली?
ब्रिटिशांनी, ऑक्टोबर १८६० मध्ये, दुसऱ्या अफूच्या युद्धात (ब्रिटन-फ्रान्स विरुद्ध चीन). त्याआधी फ्रेंच आणि ब्रिटिश दोघांनी मिळून ती लुटली होती. चीनने पकडलेल्या त्यांच्या लोकांपैकी काही जण छळामुळे मेले म्हणून ब्रिटिशांचा दूत लॉर्ड एल्गिनने आग लावायची ऑर्डर दिली, आणि ब्रिटिश फौजेत आपल्याकडचे पंजाबी सैनिकपण होते हे वाचून मला खूप वाईट वाटलं. १७०७ पासून वाढत गेलेली ती बाग, तळी, बेटं, पूल, लाकडी महाल, शिवाय बारा प्राण्यांच्या तोंडातून पाळीपाळीने पाणी सोडून वेळ दाखवणारं कारंजं, काय वैभव असेल ते! लाकडी होतं ते जवळजवळ सगळं जळालं, म्हणून आज फोटोत दिसतात ते युरोपियन पद्धतीच्या महालांचे दगडी खांबच.