आयोग कोणता, संघटना कोणती?

प्रश्न : दहा महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात नेऊन मारहाण करण्यात आली. नावात ‘राष्ट्रीय’ आणि ‘मानवाधिकार’ हे दोन्ही शब्द असलेल्या एका संघटनेचे पदाधिकारी म्हणतात की, आम्ही शुल्क भरून सदस्य झालो तर ते पोलिसांची चौकशी लावतील. ही संघटना म्हणजेच मानवी हक्क आयोग का? नसेल, तर अशा संघटनांचा उपयोग तरी काय?

उत्तर : ही संघटना म्हणजे आयोग नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हा मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये स्थापन झालेला असून त्याच कायद्याखाली राज्यांचे आयोगही आहेत. आयोगाला सदस्यत्व नसते आणि तक्रारीसाठी शुल्कही नसते. नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द घालून आणि ओळखपत्रे छापून कोणत्याही खासगी संस्थेला चौकशीचे अधिकार मिळत नाहीत. शुल्क आधी मागणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहणेच बरे.

आपल्या प्रकरणात खरी निकड मुदतीची आहे. घटनेपासून एक वर्ष उलटल्यानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही, म्हणजे आपल्या हाती जेमतेम दोन महिने उरले आहेत. तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही करावी. ती मराठीतही चालते. लोकसेवकाने केलेले हक्कांचे उल्लंघन, किंवा ते रोखण्यात त्याने केलेली हयगय, हा आयोगाच्या कक्षेतील मुख्य विषय असल्याने आपली तक्रार त्यात नेमकी बसते. ती राज्य आयोगाकडे करावी. तेथे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग त्यात लक्ष घालत नाही, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज टाकून काही साधत नाही.

आयोगाकडून काय अपेक्षावे, हेही स्पष्ट असलेले चांगले. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यासाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र चौकशीअंती तो नुकसानभरपाईची किंवा दोषींवर खटला भरण्याची शिफारसच करतो, शिक्षा देत नाही. शिफारशीवर काय कारवाई केली, हे सरकारने साधारणपणे एका महिन्यात कळवायचे असते. म्हणूनच आयोगाकडील तक्रार ही गुन्हा नोंदवण्याला पर्याय ठरत नाही. दोन्ही गोष्टी कराव्यात आणि त्या वेळचे वैद्यकीय कागद असतील, तर त्यांच्या प्रती जोडाव्यात.

आता संघटनांविषयी. एका नमुन्यावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ (न्या. वि. म. तारकुंडे हे तिच्या अग्रणींपैकी एक) हे याचे ठळक उदाहरण. फोन चोरून ऐकण्यावर बंधने घालणारा १९९६ चा निकाल आणि शाळांतून शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा २००१ चा आदेश, हे दोन्ही सर्वोच्च न्यायालयाने याच संघटनेच्या याचिकांवर दिले. अशा संघटनांकडे कायद्याने दिलेली सत्ता नसते. पण त्या सत्यशोधन करतात, वकील मिळवून देतात आणि एका माणसाच्या तक्रारीमागे असलेला सगळ्यांचा प्रश्न न्यायालयापुढे नेतात, जे पद्धतशीर बैठकांत अडकलेल्या सरकारी यंत्रणेला क्वचितच जमते.

आपल्याशी थेट संबंध आहे तो मात्र दुसऱ्याच एका प्रकरणाचा. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने अकरा निर्देश दिले : अटकेच्या वेळी ज्ञापन तयार करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, इत्यादी. हे निर्देश केवळ अटकेलाच नव्हे, तर ताब्यात घेण्यालाही लागू आहेत. भाच्याला नेताना यांपैकी काय झाले आणि काय झाले नाही, ते तारीख आणि वेळेसह तक्रारीत लिहावे. ‘चौकशीसाठी बोलावले होते’ एवढेच उत्तर पोलिसांकडून आले, तर त्याला किती तास बसवून ठेवले होते, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.