एकटीने हॉटेलात राहताना सुरक्षिततेसाठी काय बघावं?

तुम्ही छुपा कॅमेरा आणि दाराची कडी याबद्दल विचारलंय. त्यावर येतेच, पण आधी जिना.

औषध कंपनीच्या कामामुळे गेली अकरा वर्षं महिन्यातले आठ-दहा दिवस मी जिल्ह्याच्या गावी लॉजवर काढते. किल्ली हातात आली की बॅग टेकवण्याआधी मजल्यावरचा दुसरा जिना शोधते. माझ्या खोलीपासून तिथपर्यंत किती दारं लागतात ते मोजते आणि एकदा तळापर्यंत उतरून येते. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीत करोलबागेतल्या हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. धुरात डोळे उघडत नाहीत. भिंत चाचपत, खाली वाकून, दारं मोजतच जावं लागतं.

एका लॉजवर मागच्या जिन्यात जुन्या गाद्या रचलेल्या आणि खाली शटरला कुलूप होतं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, चोर शिरतात म्हणून लावतो." त्याची अडचण खरी असेल, पण रात्री साडेनऊला मी तिथून निघाले. दुसरीकडे तीनशे रुपये जास्त पडले, ते मी खिशातून भरले.

शक्य असेल तर पहिला-दुसरा मजला मागा.

थंड हवेच्या ठिकाणी होमस्टेत गॅस गिझर बाथरूमच्या आतच लावलेला दिसतो. याची मला फार भीती वाटते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, बंद बाथरूममध्ये माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. मी दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरते, गिझर बंद करते, हवा खेळू देते आणि मगच अंघोळीला जाते.

आता कडी. दार आत उघडत असेल तर खाली रबरी पाचर ठोका. माझ्या बॅगेत ती कायम असते. रात्री कोणी "एसी बघायचाय" म्हणत आलं, तर दार न उघडता रिसेप्शनला फोन करून विचारा. काउंटरवर चारचौघांत खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला तर खोली बदलून मागा, संकोच करू नका. आधारची प्रत मास्क्ड द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. कॅमेऱ्यासाठी दिवे घालवून पलंगासमोरचं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर यांवर टॉर्च मारा. लेन्स असेल तर चमकते. काही सापडलं तर हात न लावता ११२ ला फोन करा.

कुठल्या गावी जाताय ते कळवा. मराठवाडा-विदर्भातली बरीच लॉज मी पाहिली आहेत, कुठे दोन्ही जिने उघडे असतात ते सांगेन.