‘एकटीने बाहेर पडले तर हरवेन’: परक्या शहराशी पायी ओळख

परदेशी स्थायिक झालेल्या व्यक्तींकडून, विशेषतः जोडीदाराच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या स्त्रियांकडून, एक तक्रार मी वारंवार ऐकते. शहर सुंदर आहे, घर चांगले आहे, पण एकटीने उंबरठा ओलांडायचा म्हटले की छातीत धडधडू लागते. अशाच एका अनुभवाविषयी, संबंधित व्यक्तीच्या संमतीने आणि ओळख पटवणारे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

त्या तिशीतल्या शिक्षिका. लग्नानंतर नाशिकहून बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात राहायला गेलेल्या. व्हिडिओ कॉलवर पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “मॅडम, नाशिकमध्ये मी स्कूटरवर कुठेही जात होते. इथे दूध आणायलासुद्धा यांची वाट बघते.” भीतीपेक्षाही या परावलंबनाची लाज त्यांना अधिक जाळत होती. झोप, भूक, मनाचा उत्साह, घरातले संबंध, रस्त्यावर कोणी अपमान केला होता का, हे सारे मी आधी विचारून घेतले. कारण बाहेर न पडण्यामागे नैराश्य, घरातला धाक किंवा खरोखरचा वाईट प्रसंग असेल, तर ‘जरा फिरून या’ हा सल्ला निव्वळ अन्याय ठरतो. त्यांच्या बाबतीत तसे काही नव्हते. रस्ता चुकेल आणि जर्मनमध्ये कोणाला विचारता येणार नाही, एवढीच धास्ती होती.

मी त्यांना आठवणीतून परिसराचा नकाशा काढायला सांगितला. कागदावर घर, मेट्रोचे प्रवेशद्वार, सुपरमार्केट आणि पतीचे कार्यालय एवढेच उमटले. मधली जागा कोरी. यात नवल नव्हते. त्या ज्या यू-७ या मेट्रोमार्गाने जात, तो संपूर्ण भुयारी आहे. एका जिन्याने खाली उतरायचे आणि दुसऱ्या जिन्याने वर यायचे, तर मधले शहर दिसणार कोठून? परिसराचा नकाशा मनात तयार होतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले होते. पण त्यासाठी जागांमधले अंतर स्वतः अनुभवावे लागते.

सुरुवात घराभोवतीच्या एकाच फेरीने झाली. दिवसाउजेडी, रोज तीच वाट, कानात काही नाही आणि फोन पिशवीत. फोनवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालणाऱ्याला ठिपका लक्षात राहतो, रस्ता नाही. भीती वाटताच माघारी फिरले की सुटका झाल्यासारखे वाटते, आणि मन त्या सुटकेतूनच ‘बाहेर धोका होता’ असा धडा घेते. म्हणून धडधड वाढली तर तिथेच थांबावे, जवळची पाटी वाचावी, धडधड ओसरू द्यावी आणि मगच पुढे जायचे की परतायचे ते ठरवावे, असे आम्ही ठरवले.

एके दिवशी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “मला साधे घरक्रमांकही कळत नाहीत.” बर्लिनच्या बऱ्याच जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे छोट्या क्रमांकासमोर शंभराच्या पुढचा क्रमांक असू शकतो. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या भागातले क्रमांक दिलेले असतात, हे कळल्यावर त्या पाट्याच त्यांच्या वाटाड्या झाल्या. माझ्या मते सुधारणा खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली, कारण गोंधळ आपल्या बुद्धीत नसून शहराच्या रचनेत आहे, हे त्यांना पटले.

फेऱ्या हळूहळू रुंदावल्या. मायबाखउफरला कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरणाऱ्या बाजारात तुर्की विक्रेत्याकडे भेंडी दिसली, तेव्हा बोट दाखवून, मोडक्या जर्मनमध्ये त्यांनी अर्धा किलो घेतली. नॉयक्योल्नमधल्याच रिशार्डप्लाट्झ या चौकाच्या परिसरात १७३७ मध्ये बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रदेशातून, धर्मछळामुळे आलेल्या निर्वासितांना वसवले होते, हे वाचून त्या मुद्दाम तिकडे पायी गेल्या. आपण राहतो ती वस्तीच बाहेरून आलेल्यांनी घडवली आहे, याचा त्यांना मोठा आधार वाटला. हा आधार माझ्या कोणत्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा बळकट होता, असे मी मनापासून म्हणते. पुढे त्या टेम्पेलहोफच्या मैदानावरही जाऊ लागल्या. तिथला विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून ते मैदान लोकांसाठी खुले आहे आणि जुन्या धावपट्टीवर कोणीही चालू शकते.

डिसेंबरमध्ये तिथे चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात आम्ही फेरी दुपारच्या जेवणाआधी आणली. नाहीतर अंधाराच्या निमित्ताने ती सुटली असती. जर्मनचा वर्ग त्यांनी स्वतःहून लावला आणि तिथे त्या चालतच जातात. रात्रीच्या गर्दीत हेर्मानप्लाट्झच्या मेट्रो स्थानकावर एकटीने जाणे त्यांना अजूनही नको वाटते. त्यासाठी मी आग्रह धरलेला नाही, कारण त्यांच्या रोजच्या व्यवहाराचे त्यावाचून काही अडत नाही.