रोज 800 कॅलरी खाऊनही वजन अडकलंय, अजून कमी करू का?

नको, उलट वाढवा. तुमचं 78 किलो वजन, रोज सकाळी नाशिकच्या पांडवलेणीची टेकडी चढणं आणि 800 कॅलरी हे गणित जमत नाही.

सुरुवातीला काटा झपाझप उतरतो, पण त्यात बरंच पाणी असतं. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, संपतं, त्याने धरलेलं पाणीही जातं. पुढे प्रथिनं कमी पडली की चरबीसोबत स्नायूही झिजतात. शरीर काटकसर करतं ते वेगळंच: हालचाल नकळत मंदावते.

पण ‘उपाशी राहिलं की चरबी साठते’ हे खरं नाही. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन घटलंच, सोबत थकवा, चिडचिड आणि डोक्यात अखंड जेवणाचे विचार. म्हणजे काटा अडकलाय तो एकतर शरीरात धरलेल्या पाण्यामुळे, नाहीतर मोजण्यात गडबड आहे. रविवारची मिसळ धरलीत का? तर्री, फरसाण, जादा पाव, वर जिलबी! (मिसळ सोडा असं नाशिककराला सांगायची माझी हिंमत नाही. फक्त मोजा.)

वजन स्थिर राहील त्यापेक्षा 400-500 कॅलरी कमी खा, बस. प्रथिनं दिवसाला 90-100 ग्रॅम: अंडी, दही, पनीर, सोयाबीन, मटकी. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला.

चक्कर येत असेल, केस गळत असतील किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडेही होऊ शकतात.