चरित्र अभिनेता की सहायक अभिनेता?

प्रश्न असा आहे: चित्रपटांत आणि मालिकांत आयुष्यभर वडील, काका, वकील, इन्स्पेक्टर अशी कामं केलेल्या एका कलाकाराचा जीवनपट लिहायचा आहे. त्याला 'चरित्र अभिनेता' म्हणावं की 'सहाय्यक अभिनेता'? आणि चरित्र म्हणजे जीवनकथा असताना तो शब्द इथे आला कसा?

माणसाची ओळख करून देताना 'चरित्र अभिनेता' लिहा. एखाद्या चित्रपटातलं त्याचं स्थान किंवा मिळालेला पुरस्कार सांगताना 'सहायक अभिनेता' लिहा. पहिला शब्द कारकिर्दीला लागतो, दुसरा त्या त्या भूमिकेला. त्यांची अदलाबदल झाली की माहितीच चुकते.

आधी 'चरित्र'. संस्कृतात 'खन्' धातूला 'इत्र' प्रत्यय लागून खनित्र होतं, म्हणजे खणायचं साधन. तसंच 'चर्'पासून चरित्र, चालायचं साधन. वैदिक भाषेत या शब्दाचा अर्थ चक्क 'पाय' असा आहे. चालण्यावरून वागणं, वागण्यावरून आयुष्यातली कृत्यं आणि शेवटी त्या कृत्यांची हकिकत, असा अर्थ सरकत गेला. मराठीत हकिकतीचा अर्थ 'चरित्र'कडे राहिला आणि शीलासाठी 'चारित्र्य' रूढ झालं. हिंदीत मात्र 'चरित्र' हा शब्द शील आणि कथेतलं पात्र अशा दोन्ही अर्थांनी चालतो. तिथलं 'चरित्र-चित्रण' म्हणजे आपलं व्यक्तिचित्रण. इंग्रजीतल्या 'कॅरेक्टर ॲक्टर'साठी हिंदीत 'चरित्र अभिनेता' झालं ते या पात्राच्या अर्थाने, आणि तिथून ते जसंच्या तसं मराठीत आलं. म्हणून तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे.

तरीही शब्द टाकून देऊ नये. तो वाचकाला कळतो, आणि 'व्यक्तिरेखा अभिनेता' वगैरे नवे शब्द घडवून काही साधत नाही, कारण व्यक्तिरेखा तर नायकही करतो. फक्त ही जोडी फोडू नका. 'त्यांनी अनेक चरित्र भूमिका केल्या' असं लिहिलंत तर मराठी वाचक संतांच्या आणि राजांच्या भूमिका समजेल. 'संत तुकाराम' (१९३६) या चरित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. ती थेट नायकाची भूमिका, चरित्र अभिनेत्याची नव्हे. 'चरित्र भूमिका' गाळून भूमिकाच सांगा: 'वडिलांच्या, न्यायाधीशांच्या, पोलीस अधिकाऱ्यांच्या भूमिका केल्या'. मजकूर जास्त जिवंतही होतो.

आता 'सहायक'. तुम्ही लिहिलेलं 'सहाय्यक' सर्रास दिसतं, पण ते व्याकरणाने बसत नाही. 'सहाय'पासून सहायक, 'साहाय्य'पासून साहाय्यक. दोन्ही शुद्ध, एक धरा आणि लेखभर तेच ठेवा. स्त्रीसाठी 'सहायक अभिनेत्री'च, 'सहायिका' करायची गरज नाही. अर्थाच्या बाबतीत एक सावधगिरी: सहायक दिग्दर्शक दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करतो, तसा सहायक अभिनेता कोणाच्या हाताखाली नसतो. त्याची भूमिका मुख्य कथानकाला आधार देते, एवढंच त्या शब्दात आहे.

हा शब्द पक्का केला पुरस्कारांनी. १९५५च्या फिल्मफेअर पुरस्कारांत सहायक भूमिकांचा वेगळा गट आला, तेव्हा डेव्हिड आणि उषा किरण पहिले मानकरी ठरले. राष्ट्रीय पुरस्कारांत हा गट १९८४च्या चित्रपटांपासून आहे. पहिल्याच वर्षी व्हिक्टर बॅनर्जी आणि 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडी यांना तो मिळाला. त्याच वर्षीच्या 'सारांश'मध्ये मात्र हट्टंगडींची भूमिका मुख्य होती. म्हणजे एकाच कलाकाराला एकाच वर्षी एका चित्रपटात 'सहायक' म्हणणं बरोबर आणि दुसऱ्यात चूक. ओळखीच्या पहिल्या ओळीत 'सहायक अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी' का लिहू नये, ते यावरून स्पष्ट व्हावं.

जीवनपटात 'चरित्र अभिनेता' कधीपासून, हेही सांगावं लागतं. ललिता पवार मूकपटांपासून पडद्यावर होत्या, नायिकाही झाल्या. १९४२मध्ये चित्रीकरणात थोबाडीत बसून डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, त्यानंतर त्या सासू-आईच्या भूमिकांकडे वळल्या. पुढे 'अनाडी' (१९५९) आणि दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा. त्यांना सुरुवातीपासून 'चरित्र अभिनेत्री' म्हटलं तर पहिला टप्पा पुसला जातो.

'ज्येष्ठ' हे विशेषणही सवयीने चिकटवू नका. 'वास्तव' (१९९९) चित्रपटात रीमा लागू संजय दत्तची आई झाल्या. त्यांचा जन्म १९५८चा, त्याचा १९५९चा. चरित्र अभिनेत्रीचं वय भूमिकेत असतं, जन्मदाखल्यात असेलच असं नाही. शिवाय याच रीमा लागूंनी 'पुरुष' नाटकात मुख्य स्त्रीभूमिका केली होती. नाटक, चित्रपट, मालिका या तिन्ही ठिकाणचं स्थान वेगवेगळं लिहावं.

'खलनायक' हा शिक्का असाच जपून वापरायचा. निळू फुले यांच्या नावामागे तो आपोआप येतो, पण 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस खलनायक नाही. याउलट जगदीश राज यांच्याबाबतीत शिक्का हीच माहिती आहे: १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी, आणि त्याची गिनीज बुकात नोंद.

'दुय्यम भूमिका' शक्यतो टाळा. मूळ अर्थ 'दुसऱ्या क्रमांकाची' एवढाच, पण आज कानाला कमी दर्जाची असं ऐकू येतं. 'छोटी भूमिका' म्हणा, ती लांबी सांगते, दर्जा नाही. 'सहकलाकार' हा नात्याचा शब्द आहे. नायकही चरित्र अभिनेत्याचा सहकलाकार असतो. गर्दीच्या दृश्यातले ते ज्युनियर आर्टिस्ट, त्यांना 'सहायक अभिनेते' म्हणू नये. आणि दोन-तीन प्रसंगांत आलेला प्रत्येक जण 'पाहुणा कलाकार' नसतो. एरवी मोठ्या भूमिका करणारा माणूस मुद्दाम थोडक्यासाठी येतो, तेव्हाच तो पाहुणा.

लेखनाचं राहिलं. नियमाने सामासिक शब्द जोडून लिहायचा, म्हणजे 'चरित्राभिनेता' किंवा 'चरित्र-अभिनेता'. सुटा 'चरित्र अभिनेता' इतका रूढ आहे की तो चालू द्यावा. अनेकवचन आणि आदरार्थी रूप 'अभिनेते', विभक्ती लागताना 'अभिनेत्याला', 'अभिनेत्यांनी'. 'अभिनेताने' हे हिंदी वळण मराठीत नको.